बिडाचा पूल

बिडाचा तवा हातातून निसटून फरशीवर पडला की त्याचे दोन तुकडे होतात. पितळेचं पातेलं पडलं तर त्याला पोचा येतो, ॲल्युमिनिअमचं वाकतं. बीड मात्र काही सूचना न देता फुटतं. म्हणून बिडाचा तवा घरात आला की तो दोन्ही हातांनी उचलायची सवय सगळ्यांना लावली जाते.

आता हे ऐका. जगातला पहिला मोठा लोखंडी पूल याच बिडाचा आहे. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, सेव्हर्न नदीवर, १७७९ साली तो उभा राहिला आणि आजही उभा आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत मराठ्यांनी वडगावला इंग्रजी फौजेची कोंडी केली होती. एवढा जुना हा पूल. त्यावर कोणीही विचारेल असा प्रश्न एकच आहे: पडला की फुटणाऱ्या बिडाचा पूल केलाच कसा, आणि तो टिकला कसा?

या प्रकरणात आपण एवढ्याच प्रश्नाचं उत्तर शोधणार आहोत. त्यासाठी आधी बिडाचा स्वभाव समजून घ्यावा लागेल.

१. दाब आणि ताण

फळ्यावर लिहायचा एक खडू घ्या. तो टेबलावर उभा धरा आणि वरून अंगठ्याने दाबा. बराच जोर लावला तरी खडू हलत नाही. आता तोच खडू दोन हातांत आडवा धरून जरासा वाकवा. लगेच कट्‌कन मोडतो.

पहिल्या वेळी तुम्ही खडूवर दाब दिला. दुसऱ्या वेळी वाकवताना खडूची एक बाजू चेपली गेली आणि दुसरी ताणली गेली. खडू मोडला तो ताणलेल्या बाजूने. खडू, दगड, वीट, मातीची कौलं हे सगळे याच जातीचे: दाब सोसतात, ताण सोसत नाहीत.

बीडही त्याच जातीचं. शुद्ध लोखंडात कार्बन जवळजवळ नसतो. बिडात तो शंभर भागांत तीन-चार भाग असतो. बीड थंड होताना हा कार्बन शिसपेन्सिलीतल्या शिशासारख्या पदार्थाच्या, म्हणजे ग्रॅफाइटच्या, बारीक पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात अडकून बसतो. कापडाच्या कडेला कात्रीचा छोटासा काप दिला आणि कापड ओढलं, तर ते त्या कापापासून फाटत जातं. तेच कापड घडी करून त्यावर वजन ठेवलं, तर कापाने काहीच बिघडत नाही. बिडातले पापुद्रे म्हणजे असे असंख्य काप. म्हणून बीड ढोबळमानाने ताणाच्या चौपट तरी दाब सोसतं. तवा फरशीवर आपटतो तेव्हा तो क्षणभर वाकतो, त्याची एक बाजू ताणली जाते आणि तिथून तो तडकतो.

यातून पुलाच्या कारागिरांसमोरचं काम स्पष्ट होतं. पुलाचा आकार असा हवा की त्यातल्या लोखंडावर शक्यतो फक्त दाबच यावा.

२. कमान काय करते?

गटारावर टाकलेली लाकडी फळी आठवा. मधोमध उभं राहिलं की ती खाली झुकते. फळीचा वरचा भाग चेपला जातो, खालचा ताणला जातो. लाकूड ताण सोसतं म्हणून चालतं. दगडाची लांब लादी अशी टाकली तर ती खालून तडकते.

कमानीत हा ताणच शिल्लक राहत नाही. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली, तळव्यांना तळवे लावले आणि पुढे झुकली, तर दोघंही पडत नाहीत. एकाचं वजन दुसरा पेलतो. दोघांच्या हातांत फक्त दाब असतो, ओढ कुठेच नसते. हीच कमान. जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजावरची दगडी कमान चुन्याच्या जोरावर उभी नसते. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटत असतो आणि त्या रेट्यानेच सगळे जागच्या जागी राहतात.

त्या दोन माणसांच्या पायांकडेही बघा. फरशी गुळगुळीत असेल तर पाय मागे सरकतात. कमान वजन पेलते, पण बदल्यात दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूला ढकलते. ते ढकलणं सोसायला दोन्ही बाजूंना भक्कम पाया लागतो. पूल बांधणारे त्याला काठाचे पाये किंवा टेकू म्हणतात. हा मुद्दा मनात ठेवा. आपल्या पुलाची पुढची सगळी कथा या काठांशी बांधलेली आहे.

३. याच नदीवर, याच जागी का?

सेव्हर्न इथे एका खोल, अरुंद दरीतून वाहते. अठराव्या शतकात या दरीच्या दोन्ही बाजूंना कोळशाच्या खाणी, चुन्याच्या भट्ट्या, कुंभारांचे आवे आणि लोखंडाचे कारखाने होते. माल आणि माणसं नावेतून पलीकडे जायची. हिवाळ्यात पूर आला की नाव बंद, उन्हाळ्यात पाणी आटलं तरी नाव बंद. जवळचा पूल नदीच्या वरच्या अंगाला दोन मैलांवर, बिल्डवसला होता.

मग नदीत दोन खांब उभारून साधा दगडी पूल का नाही बांधला? कारण सेव्हर्न हाच त्या भागाचा हमरस्ता होता. डोलकाठ्यांची मालवाहू गलबतं दिवसभर ये-जा करत. पात्रात खांब आला की त्यांची वाट अडणार आणि पुरात वाहून आलेले ओंडके खांबाला अडकणार. त्यामुळे पूल एकाच झेपेत पलीकडे जायला हवा होता, आणि डोलकाठी खालून जाईल इतका उंचही. दगडाची एवढी मोठी कमान म्हणजे प्रचंड वजन, आणि इथले काठ तर भुसभुशीत.

श्रूझबरीचा वास्तुरचनाकार थॉमस प्रिचर्ड याने १७७३ मध्ये जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराला पत्र लिहून बिडाच्या पुलाची कल्पना मांडली. विल्किन्सनला लोखंडाचं विलक्षण वेड होतं. पुढे त्याने लोखंडाची नाव नदीत तरंगवून दाखवली, आणि शेवटी तो पुरला गेला तोही लोखंडी शवपेटीत. त्याने ही कल्पना उचलून धरली नसती तरच नवल. पुलासाठी ५० पौंडांचे भाग विकून पैसे उभे करायचं ठरलं आणि १७७६ मध्ये संसदेने परवानगीचा कायदा केला. मध्येच मंडळींचा धीर सुटला आणि दगड, वीट, लाकूड यांचाही विचार झाला, पण अखेर लोखंडच ठरलं. ओतकामाची आणि बांधकामाची जबाबदारी कोलब्रुकडेलच्या तरुण कारखानदाराने, तिसऱ्या अब्राहम डार्बीने, घेतली. पूल उभा राहिला तेव्हा त्याचं वय होतं २९.

४. एवढं बीड आलं कुठून?

या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या डार्बीच्या आजोबांकडे आहे. त्यांचंही नाव अब्राहम डार्बीच. आणि गंमत म्हणजे त्यांची सुरुवातही स्वयंपाकघरातल्या भांड्यांपासूनच झाली. वाळूच्या साच्यात लोखंडाची पातळ भांडी ओतायच्या पद्धतीचं पेटंट त्यांनी १७०७ मध्ये घेतलं होतं.

खाणीतल्या दगडातून लोखंड काढायला भट्टीत कोळसा जाळावा लागतो. तोवर सगळीकडे लाकडाचा कोळसा, म्हणजे आपण लोणारी कोळसा म्हणतो तो, वापरत. एका भट्टीला रानच्या रान पुरत नसे. शिवाय लाकडी कोळसा ठिसूळ. भट्टी उंच केली तर वरच्या थराच्या वजनाने खालचा कोळसा चुरा होतो, हवा कोंडते, आग मंदावते. म्हणजे भट्टी लहानच ठेवावी लागे.

खाणीतला दगडी कोळसा स्वस्त होता, पण त्यातलं गंधक लोखंडात उतरतं आणि लोखंड बिघडतं. पहिल्या डार्बीने १७०९ मध्ये दगडी कोळसा आधी अर्धवट जाळून, त्यातला धूर आणि बरंचसं गंधक घालवून, उरलेला कोक भट्टीत वापरला. लाकूड जाळून लोणारी कोळसा करावा, तसंच हे. कोक कणखर असल्यामुळे तो वरचं वजन पेलतो. भट्टी मोठी करता आली, बीड स्वस्त झालं, आणि सत्तर वर्षांनी नातवाला पुलासाठी ३७८ टन बीड ओतता आलं.

५. सुताराचे सांधे

या पुलातला मला सगळ्यात जास्त भावणारा भाग हा. लोखंडाचे तुकडे एकमेकांना जोडायचे कसे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण इतकं मोठं लोखंडी बांधकाम आधी झालंच नव्हतं. रिव्हेट ठोकून जोडावं तर घाव बसून बीड तडकणार. वेल्डिंगला तर अजून शंभर वर्षं होती.

मग त्यांनी ज्यांना जोडकाम येत होतं त्यांचीच विद्या वापरली. प्रिचर्ड मूळचा सुतार. कारखान्यात साच्यासाठी फर्मे करणारे कारागीरही लाकूडकामातलेच, कारण फर्मा लाकडाचाच असतो. त्यांनी लोखंडाला लाकडासारखं वागवलं. एका तुकड्यात भोक, दुसऱ्या तुकड्याच्या टोकाला त्यात बरोबर बसणारं कुसू. कुठे पक्ष्याच्या शेपटीसारखी रुंदावत जाणारी खाच, की तुकडा ओढला तरी निघू नये. आणि सैल राहिलं तिथे ठोकलेली लोखंडी पाचर. जुन्या वाड्यातली तुळई खांबावर कशी बसवलेली असते ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या पुलाचे सांधे ओळखीचे वाटतील.

सुमारे १,७०० तुकडे अशा रीतीने बसवले गेले. त्यासाठी आणखी एका अडचणीवर मात करावी लागली. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, साधारण फुटामागे इंचाचा आठवा भाग. हिशेब करून पाहू. पुलाच्या मुख्य कमानीचा अर्धा भाग, म्हणजे एकच सलग ओतीव बरगडी, सुमारे ७० फूट लांब आहे. ७० गुणिले एक अष्टमांश म्हणजे पावणेनऊ इंच. एक वीतभर लांबी नुसती निवण्यात जाते! त्यात वाळू थोडी ओलसर किंवा बीड थोडं जास्त तापलेलं असेल, तर फरक आणखी बदलतो. इतक्या लांब तुकड्यात भोक नेमकं कुठे येईल हे आधी कसं सांगणार?

संशोधकांनी नंतर पुलाचा तुकडा न् तुकडा मोजला, तेव्हा याचं उत्तर मिळालं. सुमारे ७० टक्के तुकडे एकसारखे नाहीतच. प्रत्येक तुकडा त्याच्या जागेचं माप घेऊन वेगळा ओतलेला आहे, म्हणून दिसायला सारखे असले तरी मापात किंचित निराळे. मोठ्या बरगड्या तर जमिनीवर पसरलेल्या वाळूत उघड्या चराचा साचा करून ओतल्या होत्या. थाळीत वडीचं मिश्रण ओतावं तशा. त्यामुळे त्यांची एक बाजू नीट आणि दुसरी खडबडीत आहे.

प्रिचर्डला हे काही पाहायला मिळालं नाही. काठाचं काम सुरू असतानाच, डिसेंबर १७७७ मध्ये तो वारला.

६. उभा कसा केला?

या प्रश्नाने इतिहासकारांना दोनशे वर्षं छळलं. डार्बीच्या कारखान्याने उभारणीचं वर्णन मागे ठेवलं नव्हतं. एका अर्ध्या बरगडीचं वजन पावणेसहा टनांच्या आसपास, म्हणजे चांगल्या मोठ्या हत्तीहून जास्त, आणि लांबी सहा-सात मजली इमारतीएवढी. अशा दहा बरगड्या, वाहत्या नदीवर, वाफेच्या क्रेनशिवाय!

आपल्याकडे दगडी कमान बांधताना आधी खाली लाकडाचा किंवा विटा-मातीचा साचा भरतात, त्यावर दगड रचतात आणि कमान पुरी झाल्यावर साचा काढून घेतात. इथे तसा साचा भरला असता तर गलबतांची वाट महिनोन्‌महिने बंद झाली असती. म्हणजे दुसरी काहीतरी युक्ती होती.

ती सापडली १९९७ मध्ये, स्टॉकहोममध्ये. एलियास मार्टिन हा स्वीडिश चित्रकार १७७९ च्या उन्हाळ्यात तिथून जात असताना त्याने अर्धवट बांधलेल्या पुलाचं जलरंगात चित्र काढलं होतं. त्या चित्रात नदीच्या तळावर रोवलेले लाकडाचे उंच वासे दिसतात, आणि त्यांचाच उचल-यंत्रासारखा उपयोग केलेला दिसतो. बरगड्या होडीतून आणायच्या, वाशांवरून सोडलेल्या दोरखंडांनी उचलायच्या, खालचं टोक काठावरच्या पायावर टेकवायचं आणि वरचं टोक हळूहळू नदीकडे झुकवत न्यायचं.

दोरखंडांनी हे वजन कसं उचलतात, तेही बघून घेऊ. समजा पावणेसहा टन वजन कप्प्यांमधून ओवलेल्या दोराच्या चार पदरांना टांगलं आहे. चारही पदर वजन वाटून घेतात, म्हणून प्रत्येकावर दीड टनाहून थोडं कमी येतं. त्या दोराचं मोकळं टोक माणसांनी फिरवायच्या रहाटावर गुंडाळलं, तर रहाटाचा लांब दांडा जोर आणखी वाढवतो. मोबदल्यात वजन एक फूट वर न्यायला चार फूट दोर ओढावा लागतो. काम कमी होत नाही, ते लांबवून सोपं होतं.

पण खरा कसोटीचा क्षण उचलण्याचा नाही. पुन्हा त्या दोन झुकलेल्या माणसांकडे या. दुसरा माणूस येईपर्यंत पहिला एकटा झुकून उभा राहू शकत नाही, कोणीतरी त्याला मागून धरावं लागतं. समोरची बरगडी येऊन माथ्याला भिडेपर्यंत पहिली बरगडी कमान नव्हतीच. ती दोरखंडांवर तोललेली एक तिरकी, जड, ठिसूळ वस्तू होती. त्या वेळी वाकली असती तर तिच्यावर ताण आला असता आणि मग तव्याचंच झालं असतं. १७७९ च्या जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी पहिली जोडी माथ्याला भिडली. त्या क्षणापासून बरगड्या एकमेकींना रेटू लागल्या.

चित्रातली पद्धत खरंच चालते का, हे तपासायला या शतकाच्या सुरुवातीला पुलाच्या मुख्य भागाची निम्म्या आकाराची प्रतिकृती त्याच रीतीने उभारून पाहिली गेली. ती चालली.

७. खर्च

सव्वातीन हजार पौंडांच्या आसपासचा अंदाज होता. खर्च सहा हजारांवर गेला असं मानलं जातं. वरचा भार डार्बीने अंगावर घेतला आणि उरलेलं आयुष्य कर्ज फेडण्यात घालवलं. १७८९ मध्ये, चाळिशीही न गाठता तो गेला. १ जानेवारी १७८१ ला पूल रहदारीला खुला झाला. पायी जाणाऱ्याला अर्धा पेनी टोल होता, आणि फलकावर स्पष्ट लिहिलं होतं की राजघराण्यातल्या माणसांनाही तो चुकणार नाही.

खर्च वाढायचं एक कारण पुलाच्या मापांत दिसतं. कारागिरांना बीड किती वजन पेलतं ते नेमकं माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी हात राखून काम केलं नाही. फेब्रुवारी १७९५ च्या मोठ्या पुरात बिल्डवसचा जुना दगडी पूल गेला आणि तिथे थॉमस टेलफर्डने बिडाचाच नवा पूल बांधला. दोघांची तुलना करा. आपल्या पुलाची झेप सुमारे १०० फूट आणि लोखंड ३७८ टन: फुटामागे पावणेचार टन. टेलफर्डची झेप १३० फूट आणि लोखंड १७३ टन: फुटामागे सव्वा टनाच्या थोडं वर. टेलफर्डचा पूल अरुंद होता हे धरूनही फरक मोठा आहे. अवघ्या १७ वर्षांत कारागीर बीड ओळखायला शिकले होते, आणि ते शिकले या पहिल्या पुलाकडे पाहूनच.

त्याच पुरात सेव्हर्नवरच्या अनेक पुलांची दैना झाली. लोखंडी पुलाला काही झालं नाही. पात्रात खांब नव्हता आणि बरगड्यांच्या मोकळ्या जाळीतून पाणी निघून जात होतं.

८. काठ सरकतात

कमान काठांना बाहेर ढकलते हे आपण पाहिलं. या पुलाच्या नशिबी मात्र उलटंच आलं. हिमयुगाच्या शेवटी वितळत्या बर्फाच्या पाण्याने ही दरी कोरली, आणि तिच्या उतारांवरची चिकणमाती आजतागायत हळूहळू नदीकडे घसरते आहे. दगडाची जड कमान असती तर तिच्या रेट्याने काठांना बराच विरोध केला असता. बिडाची कमान हलकी, तिचा रेटा कमी. त्यामुळे काठच कमानीला दोन्ही बाजूंनी आत दाबू लागले. धनुष्याची टोकं जवळ आणली की त्याचा मधला भाग उंचावतो, तसा पुलाचा माथा किंचित वर उचलला गेला.

आणि माथा उचलला जाणं म्हणजे बरगड्या वाकणं, म्हणजे ताण. ज्या शत्रूला टाळायला कमान निवडली, तोच मागच्या दाराने आत आला. तुकड्यांना तडे गेले. त्यांवर लोखंडी पट्ट्या आवळल्या गेल्या. त्या अजून दिसतात. पण अख्खा पूल तव्यासारखा फुटला नाही, याचं श्रेय मी त्या सुतारी सांध्यांना देतो. एका तुकड्यातला तडा सांध्यापाशी थांबतो, शेजारच्या तुकड्यात शिरत नाही, आणि पाचरीचा सांधा थोडं हलू देतो.

दक्षिण काठावरचं दगडी बांधकाम १८०२ मध्ये उतरवून तिथे हलक्या लाकडी कमानी आणि पुढे बिडाच्या कमानी घातल्या. १९३४ मध्ये पूल वाहनांना बंद झाला. पायी जाणाऱ्यांचा टोल १९५० मध्ये बंद झाला. १९८६ मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आला, आणि २०१७-१८ च्या दुरुस्तीत रंगाचे जुने थर तपासल्यावर पूल मुळात गडद तांबडा होता असं कळलं, म्हणून करडा रंग काढून तो पुन्हा तांबडा केला.

सरकत्या काठांवर इलाज मात्र १९७२ ते १९७५ या काळात झाला. पडायला आलेल्या दोन भिंतींमध्ये गवंडी आडवा धीरा देतो, तसाच सळ्यांच्या काँक्रीटचा एक धीरा दोन्ही काठांच्या पायांमध्ये घातला आहे. तो घातला नदीच्या तळाखालून, म्हणजे गलबतांच्या जुन्या वाटेत आजही काही आडवं येत नाही. पुलावर उभं राहून खाली पाहिलं तर फक्त सेव्हर्नचं पाणी दिसतं.